सुपर मारियो सनशाईन: बेट झकास आहे, मग खेळताना चिडचिड का होते?

सुपर मारियो सनशाईन २००२ साली निन्टेन्डोच्या गेमक्यूब कन्सोलवर आला आणि तेव्हापासून आजपर्यंत त्याच्याबद्दल लोकांचं एकमत काही झालेलं नाही. काही जण म्हणतात मारियोच्या थ्रीडी गेम्समधला हा सगळ्यात जिवंत वाटणारा गेम, काही म्हणतात घाईघाईत उरकलेला, आणि बरेच जण (मी त्यातलाच) एकाच श्वासात दोन्ही म्हणतात. पण हे नुसतं आवडीनिवडीचं भांडण नाही. थ्रीडी गेममध्ये लेव्हल बनवणं एवढं अवघड का असतं ते समजून घ्यायचं असेल तर हा गेम घेऊन बसावं, कारण यात चांगलं काम आणि फसलेलं काम शेजारी शेजारी पडलेलं आहे, कधीकधी तर एकाच लेव्हलमध्ये.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी आधी थोडक्यात गोष्ट. मारियो सुट्टी घालवायला डेल्फिनो नावाच्या बेटावर जातो, बेटाचा आकारच डॉल्फिनसारखा. उतरतो तर विमानतळापासूनच सगळीकडे रंगीत चिखल फासलेला, आणि तो फासणारा हुबेहूब मारियोसारखा दिसतो म्हणून पोलीस यालाच धरतात, कोर्टात उभं करतात आणि शिक्षा काय तर सगळं बेट साफ कर. पाठीवर फ्लड नावाचा बोलणारा पाण्याचा पंप मिळतो. त्यानं चिखल धुवायचा, शत्रूंवर फवारे मारायचे आणि त्याच पाण्याच्या जोरावर हवेत थोडा वेळ तरंगायचंसुद्धा. जमवायच्या असतात शाईन, म्हणजे सूर्यासारखे दिसणारे बिल्ले, एकूण १२०. मधोमध डेल्फिनो प्लाझा नावाचं गाव आणि तिथून सात मोठ्या जागी जायचं: बियांको हिल्स, रिको हार्बर, जेलाटो बीच, पिना पार्क, सिरेना बीच, नोकी बे आणि पियांटा व्हिलेज. कथेचं एवढं पुरे, मारियोच्या गेममध्ये कथा कोण बघतं.

आता लेव्हल डिझाईनकडे येऊ. प्लॅटफॉर्मर म्हणजे उड्या मारत पुढे जायचा गेम. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या कॅसेटवाल्या गेममध्ये जो मारियो घरोघरी होता तो टूडी, म्हणजे डावीकडून उजवीकडे पळायचं. त्यात लेव्हल बनवणाऱ्याची मोजपट्टी एकच, ती म्हणजे मारियोची उडी. उभ्यानं उडी मारली तर किती वर जातो, पळत येऊन मारली तर किती लांब जातो हे आकडे एकदा ठरले की खड्डा किती रुंद ठेवायचा, वीट किती उंचीवर लावायची हे सगळं त्या हिशोबात बसतं. सोपा खड्डा पाहिजे तर उडीच्या निम्म्या मापाचा ठेवा, घाम फोडायचा असेल तर उडीच्या जेमतेम आत बसेल असा. खेळणाऱ्यालाही खड्डा समोर आडवा दिसत असतो, त्यामुळे अंतराचा अंदाज घ्यायला काही त्रास नाही, चुकलं तर चूक आपली.

थ्रीडीत हाच हिशोब बिघडतो. स्क्रीन शेवटी सपाटच, त्यामुळे समोरचा ओटा चार हात लांब आहे की सहा हात हे डोळ्यांना नीट कळत नाही. मारियो हवेत असताना तो नक्की कशाच्या वर आहे तेही कळत नाही, म्हणून या गेम्समध्ये सूर्य कुठेही असला तरी सावली बरोब्बर पायाखाली पाडायची युक्ती करतात आणि खेळणारा मारियोकडे न बघता सावलीकडे बघून उडी सावरतो. त्यात कॅमेऱ्याची भर. टूडीत कॅमेरा बाजूला उभा असतो, विषय संपला. थ्रीडीत तो सतत मारियोच्या मागे फिरतो, मध्ये भिंत आली की अडतो, आणि ऐन उडीच्या वेळी वळला तर आपण ज्या दिशेला कंट्रोलरची काडी दाबून धरलीय ती दिशाच बदलून जाते. म्हणून थ्रीडीत लेव्हल बनवणाऱ्याला उडीसोबत नजरही मोजावी लागते, खेळणाऱ्याला कुठून काय दिसेल, कॅमेरा कुठे मावेल, वळायला जागा आहे का, सगळंच.

निन्टेन्डोनं १९९६ साली सुपर मारियो ६४ मध्ये याच्यावर एक मस्त तोड काढली होती. अचूक उड्यांची रांग लावण्यापेक्षा मोकळी मैदानं बनवली, मध्ये एखादा डोंगर, बाजूला तलाव, आणि जागोजागी लपवलेले तारे. उडी थोडी चुकली तरी खाली गवत असतं, मरत नाही, परत चढायचं. अशा १५ मुख्य लेव्हल होत्या, प्रत्येकीत सात तारे.

तिथपासून थ्रीडी मारियोत लेव्हल बनवायच्या दोन पद्धती पडल्या असं म्हणता येईल. एक ठिक्करसारखी. अंगणात खडूनं चौकोन आखलेच मुळी उड्या मारण्यासाठी, कुठून सुरू करायचं, कुठे पाय टेकायचा, कुठे संपवायचं सगळं आखलेलं. दुसरी लपाछपीसारखी. वाडा काही लपण्यासाठी बांधलेला नसतो, तिथे जिना, माळा, धान्याची कोठी आपापल्या कामासाठी असतात आणि पोरं त्यातनं लपायच्या जागा शोधून काढतात. मारियो ६४ साधारण दोन्हीच्या मध्ये होता. सनशाईननं मात्र सरळ वाडा बांधायचं ठरवलं, आणि इथून खरी मजा सुरू होते आणि खरा घोळही.

आधी मजेबद्दल, कारण ती फार लोकांना नीट सांगता येत नाही, नुसतं वातावरण भारी आहे म्हणतात आणि सोडून देतात. रिको हार्बर घ्या. हे बंदर आहे, म्हणजे खरोखर बंदरासारखं बंदर. क्रेन आहेत, क्रेनला लटकलेली ओझी आहेत, लोखंडी जाळ्या आहेत ज्यांना खालून लोंबकळून जाता येतं, धक्क्याला बोटी लागलेल्या, मासळी बाजार आहे, पाणबुडी आहे. यातलं काहीच उडी मारायला म्हणून ठेवलंय असं वाटत नाही, पण क्रेनच्या टोकावर काहीतरी चमकताना दिसलं की आपोआप डोकं चालायला लागतं, या जाळीवरून तिथे, तिथून त्या तुळईवर, मग पंपानं थोडं तरंगलं की जमेल का? वाट कोणी आखून दिलेली नाही, आपणच लावतो, आणि ती जमली की आपण काहीतरी शक्कल लढवली असं वाटतं. बियांको हिल्समध्ये घरांच्या वर दोऱ्या ताणलेल्या आहेत, त्यांच्यावर उड्या मारत मारत गावाच्या वरून जाता येतं आणि मागे ती भलीमोठी पवनचक्की सतत दिसत राहते, त्यामुळे कुठेही असलो तरी आपण कोणत्या बाजूला आहोत हे कळतं. नकाशा उघडायची गरजच पडत नाही. थ्रीडी लेव्हलमध्ये अशी एक उंच, लांबून ओळखू येणारी खूण ठेवणं ही साधी वाटणारी पण फार कामाची गोष्ट आहे.

शिवाय हे सगळं एकाच बेटावर आहे याची जाणीव गेम सतत करून देतो, एका जागेवरून दुसरी जागा लांब क्षितिजावर दिसते. मारियो ६४ मध्ये चित्रात उडी मारली की बर्फ, दुसऱ्या चित्रात वाळवंट, एकमेकांशी संबंध काही नाही. इथे सगळीकडे तोच समुद्र, तेच लोक, तोच उन्हाळा. याचा तोटाही आहे अर्थात, बर्फ नाही ज्वालामुखी नाही (शेवटी एक आहे, त्याच्याकडे येतोच), त्यामुळे सातपैकी निम्म्या जागा किनाराच आहेत आणि काही लोकांना ते कंटाळवाणं वाटतं. मला नाही वाटत. सिरेना बीचवर कायम संध्याकाळ असते, तिथल्या पहिल्याच भागात हॉटेलच्या जागी फक्त किनारा दिसतो आणि पाण्यातून एक सपाट, सावलीसारखा मांटा मासा सरपटत येतो, जिथून जाईल तिथे विजेचा चिखल सोडत. त्याच्यावर पाणी मारलं की तो मरत नाही, त्याचे दोन होतात. पुन्हा मारलं की त्या दोघांचे आणखी. बघता बघता सगळा किनारा छोट्या छोट्या मांटांनी भरून जातो आणि सगळे तुमच्या अंगावर. इथे एकही अवघड उडी नाही, पण मोकळी जागा, फवारा आणि पळापळ यांचा जो मेळ बसलाय तो दुसऱ्या कुठल्या मारियोत मला तरी सापडला नाही.

आता घोळ, म्हणजे तो पंप.

फ्लडचं मुख्य नोझल म्हणजे हवेत तरंगवणारं. उडी मारली, बटण दाबलं, खाली दोन धारा सुटतात आणि मारियो काही क्षण हवेत टिकतो. खेळायला हे झकासच आहे, चुकीच्या अंदाजानं मारलेली उडी सावरता येते, शिवाय खाली पडणाऱ्या पाण्यावरून आपण नक्की कुठे आहोत तेही समजतं. म्हणजे वर जो अंतर न कळण्याचा प्रॉब्लेम सांगितला त्याच्यावर हा जवळजवळ रामबाण उपाय. पण लेव्हल बनवणाऱ्याच्या बाजूनं विचार करा. त्याची मोजपट्टीच गेली की. उडीच्या मापाचा खड्डा ठेवला तर पोरगं आरामात तरंगत पार करणार, त्यात थरार काय राहिला? आणि तरंगण्याच्या मापाचा ठेवला तर नुसत्या उडीला काही अर्थच उरत नाही, प्रत्येक ठिकाणी उडी मारा, तरंगा, उतरा, उडी मारा, तरंगा, उतरा. मारियो ६४ मधली लांब उडीसुद्धा यात काढून टाकलीय, आणि ज्याला ती पळत पळत खाली वाकून मारायची उडी आवडायची त्याला इथे हात बांधल्यासारखं होतं. त्या बदल्यात ओल्या जमिनीवर पोटावर घसरत जाता येतं, ते मात्र भन्नाट आहे, नवीन माणसाला लवकर सापडत नाही पण सापडलं की तो चालणंच सोडून देतो.

मग बनवणाऱ्यांनी केलं काय? जिथे त्यांना खरी उड्यांची परीक्षा घ्यायची होती तिथे पंपच काढून घेतला. सातही जागांत कुठेतरी एखादं भोक, गुहा किंवा दार असतं, आत गेलं की तो नकली मारियो येऊन फ्लड हिसकावून नेतो आणि आपण एका पोकळीत येऊन पडतो. घरं नाहीत, समुद्र नाही, माणसं नाहीत, नुसते हवेत तरंगणारे ठोकळे, फिरणारे, सरकणारे, पाय ठेवला की ढासळणारे. आणि मागे तीच जुनी मारियोची धून, पण वाद्यांशिवाय नुसत्या तोंडानं गायलेली. टीव्ही गेमवर वाढलेल्या माणसाला ती पहिल्या दोन सेकंदात कळते. हीच ती ठिक्कर. खाली पडलं की खेळ खलास, सावरायला काही नाही, उडी म्हणजे उडी.

लोकांना या पंपाविना लेव्हल प्रचंड आवडतात, बऱ्याच जणांच्या मते गेममधला हाच सगळ्यात चांगला भाग. त्या चांगल्या का आहेत याचं कारण मोघम नाही, सांगता येण्यासारखं आहे. निन्टेन्डोचे कोइची हायाशिदा, ज्यांनी पुढे सुपर मारियो थ्रीडी लँड केला, त्यांनी मुलाखतीत लेव्हलची चार पायऱ्यांची रचना सांगितलेली आहे, जपानी चार खणांच्या चित्रपट्ट्या जशा असतात तशी. पहिल्यांदा नवीन गोष्ट अशा जागी दाखवायची जिथे चुकलं तरी फार बिघडत नाही. मग तीच थोडी अवघड करून. मग अचानक तिला वेगळंच वळण द्यायचं. आणि शेवटी सगळं एकत्र करून संपवायचं. ही मांडणी त्यांनी सांगितली ती सनशाईनच्या बऱ्याच नंतर, पण सनशाईनच्या या लेव्हल बघितल्या तर त्याच वाटेवरच्या वाटतात: एक लेव्हल, एकदोन कल्पना, त्यांचा पुरता पिट्टा पाडायचा आणि बाहेर. पाच मिनिटांत संपते (संपली तर), कोणाला विचारत फिरावं लागत नाही काय करायचंय म्हणून.

आणि याच्यावर एक प्रयोगच गेमनं आपल्या हातात दिलाय. ती गुप्त लेव्हल एकदा पार केली की पुन्हा जाता येतं, आणि या वेळी पंप सोबत असतो. काम बदलतं, घड्याळ लावून लाल नाणी गोळा करायची असतात. ठोकळे तेच, अंतरं तीच. जिथे आधी हाताला घाम सुटत होता तिथून माणूस आता मस्त तरंगत जातो, जणू काही झालंच नाही. एखाद्याला लेव्हल डिझाईन म्हणजे काय ते समजवायचं असेल तर मी त्याला लागोपाठ हे दोन्ही खेळायला लावीन, लेव्हल एका रेघेनं बदललेली नाही, फक्त मारियोला काय येतं ते बदललंय आणि सगळी लेव्हलच वेगळी झाली. लेव्हल कधी एकटी नसते. तिची अवघड-सोपी ठरते ती पात्राच्या अंगात काय आहे त्याच्यावर.

पण मग प्रश्न उरतोच ना, की गेमचा मुख्य पंप काढून घेतल्यावरच जर तुमची सगळ्यात चांगली लेव्हल बनत असेल तर हे कौतुक म्हणायचं की कबुली? माझं मत विचाराल तर थोडी कबुलीच. पण पूर्ण नाही, कारण बेटावर पंप घेऊन हुंदडायला खरंच मजा येते. माझ्या लेखी दोष बेटाचाही नाही आणि पंपाचाही नाही. एवढं सुंदर बेट बांधल्यावर तिथे आपल्याला जी कामं लावलीत ती, माफ करा, पण बरीचशी सरकारी छापाची आहेत.

बघा कसं ते. प्रत्येक जागेचे आठ भाग, ते बहुतेक क्रमानंच करायचे. मारियो ६४ मध्ये एका लेव्हलमध्ये शिरलं की बहुतेक तारे कुठल्याही क्रमानं घेता यायचे, एकाच्या मागे निघालो आणि वाटेत दुसराच दिसला म्हणून तो घेतला, असं व्हायचं. सनशाईनमध्ये भाग निवडला की लेव्हल त्या भागापुरती मांडली जाते, त्यात दिसलेलं भलतंच काही पुढच्या एखाद्या भागातच मिळणार. म्हणजे जागा लपाछपीची आणि नियम ठिक्करचे, हा मूळ विरोध. आणि ते भाग तरी काय, तर प्रत्येक जागी सातवा भाग हा त्या नकली मारियोचा पाठलाग. पळतो, मागे पळायचं, पाणी मारत राहायचं, पडला की झालं. सात जागा, सात वेळा तेच. बरं हा सोडताही येत नाही कारण सगळ्या सात जागांचा सातवा भाग झाल्याशिवाय शेवटच्या कोरोना माउंटनची वाट उघडतच नाही! मारियो ६४ मध्ये १२० पैकी ७० तारे झाले की शेवटाकडे जाता यायचं, ते कुठले ७० ते आपलं आपण ठरवायचं, एखादी लेव्हल नावडली तर तिच्याकडे ढुंकून न बघता पुढे गेलं तरी चालायचं. इथे तशी सोय नाही. आवडो न आवडो, सातही जागांचे पहिले सात भाग कराच. आणि बाकी जे मिळवाल, गुप्त लेव्हलची लाल नाणी, एका जागी शंभर नाणी जमवल्यावर मिळणारे शाईन, त्यांचा गेम संपवायला उपयोग शून्य.

मग येतात निळी नाणी. एकूण २४०. सातही जागी तीस तीस, उरलेली प्लाझात आणि शेवटच्या डोंगरात. दहा नाणी दिली की दुकानात एक शाईन मिळतं, म्हणजे १२० पैकी २४ शाईन नुसत्या नाण्यांची. मूळ कल्पना वाईट नाही हो, उलट मोकळ्या बेटाला शोभणारीच आहे. भिंतीवर फुलीचं चित्र दिसलं, पाणी मारलं, तर लांब कुठेतरी दुसऱ्या फुलीजवळ नाणं निघालं, ते गायब व्हायच्या आत पळत जाऊन घ्यायचं. हे छान आहे, बेट नीट बघायला लावतं. पण यातली काही नाणी ठरावीक भागातच दिसतात, आणि कुठली घेतली कुठली राहिली याची यादी गेममध्ये नाहीच, फक्त त्या जागेचा एकूण आकडा. समजा नोकी बेमध्ये २९ झाली. तिसावं कुठे आहे? आणि कुठल्या भागात आहे? तीच दरी, तेच कडे, तेच शिंपले आठ वेगवेगळ्या भागांत शिरून पुन्हा धुंडाळायचे, किंवा इंटरनेटवर यादी उघडून एकेकावर टिकमार्क करत बसायचं, आणि तसं करायला लागलं की शोध संपला, हिशोबनिशी सुरू झाली. सगळं १२० केल्यावर मिळतं काय, तर शेवटचं चित्र तेवढं बदलतं. त्यापेक्षा एसटी स्टँडवर रांगेत उभं राहून जास्त मिळतं.

अवघड असणं आणि त्रासदायक असणं यातला फरक कळायला याच गेममधली कुप्रसिद्ध लिलीच्या पानाची लेव्हल बघावी. विषारी नदी, तिच्यावर एक पान, पानावर मारियो, उलट्या दिशेला पाणी मारत पान वळवायचं आणि कमानींखालची आठ लाल नाणी घ्यायची. प्रवाह एकाच दिशेला, नाणं हुकलं तर मागे फिरणं नाही. नदीला हात लागला तर मेलात. एवढं मी मान्य करतो, अवघड आहे, चालेल. पण तिथे पोचायचं कसं ते ऐका. ज्या पाइपातून आत जायचं तो एका छोट्या बेटावर आहे आणि चिखलानं बंद झालाय, हा चिखल पाण्यानं जात नाही, योशीच्या रसानं जातो. योशी म्हणजे तो हिरवा डायनासोरसारखा गडी, त्याचं अंडं फोडायला त्याला पाहिजे तेच फळ आणून द्यायचं. बरं या गेममध्ये योशी पाण्यात पडला की विरघळून जातो, त्यामुळे त्याला घेऊन पोहता येत नाही, संथ चालणाऱ्या बोटींवर बसून, बोट बदलत, त्या बेटापर्यंत न्यायचा, आणि तोवर त्याचा रस संपता कामा नये. आत गेल्यावर जीव संपले की बाहेर, परत फळ, परत अंडं, परत बोट. जे अवघड आहे ते एक मिनिटाचं आणि ते पुन्हा करायला मिळावं म्हणून घालवायचा वेळ त्याच्या कितीतरी पट. शिकण्यासाठी माणसाला लगेच पुन्हा करून बघायला मिळायला हवं, इथे जीव संपले की पुढच्या प्रयत्नाच्या आधी एवढा वेळ जातो की मागच्या वेळी काय चुकलं तेच विसरायला होतं. त्या गुप्त ठोकळ्यांच्या लेव्हल याच्यापेक्षा सोप्या नाहीत, पण पडलो की लगेच पुन्हा सुरुवातीला उभे, म्हणून राग येत नाही, ईर्ष्या येते.

पाचिंकोची लेव्हल पण अशीच बदनाम आहे, त्या जपानी छर्ऱ्यांच्या जुगारी मशीनसारखी, फक्त छर्ऱ्याच्या जागी मारियो. तिची तऱ्हा वेगळी. तिथे मारियो बाकी गेममध्ये जसा हलतो तसा हलतच नाही, उसळी मारली की कुठे जाईल ते आपल्या हातात नसल्यासारखं. तासन्‌तास खेळून हाताला जी सवय लागली ती एका लेव्हलपुरती मोडीत काढणं हा खेळणाऱ्यावर सरळ अन्याय आहे. आणि जेलाटो बीचच्या शेवटच्या भागात भलंमोठं कलिंगड ढकलत शॅकपर्यंत न्यायचं असतं, वाटेत बदकासारखे प्राणी येऊन ते उडवतात आणि ते फुटतं, पुन्हा वर जाऊन आणा. तेवढं मात्र मला का कोण जाणे आवडतं, दरवेळी फुटल्यावर हसू येतं.

शेवटचा कोरोना माउंटन म्हणजे निव्वळ निराशा. एवढं मोठं ऊन-पाण्याचं बेट, त्याच्या मधोमध ज्वालामुखी, पहिल्यापासून लांबून दिसणारा, आणि आत गेल्यावर काय तर काटे, आग, आणि लाव्हावर एक लहान होडी जी पाणी मारून मारून पुढे न्यायची, कडेला आपटली की गेली. सगळ्या बेटावर जे शिकलो त्याचा कस लागावा अशी जागा होती ती, तिथे होडी वल्हवायला लावलं.

हे असं का झालं याबद्दल लोक बरेच तर्क लढवतात, मी त्यात पडत नाही, मला त्याच्या पुढे काय झालं ते जास्त रंजक वाटतं. सनशाईनच्या दोन दिग्दर्शकांपैकी एक योशिआकी कोइझुमी. (दुसरे केंटा उसुई.) कोइझुमींनीच २००७ मध्ये सुपर मारियो गॅलेक्सी दिग्दर्शित केला, आणि तो बघितला की त्या पंपाविना लेव्हलच डोळ्यासमोर येतात, पोकळीत तरंगणारे तुकडे, एक कल्पना, तिचा शेवट, पुढची. ठिक्कर पूर्ण जिंकली तिथे. मग २०१७ मध्ये सुपर मारियो ओडिसी आला आणि वाडा परत आला, मोठाल्या मोकळ्या जागा आणि शेकडो चंद्र लपवलेले, पण या वेळी काय मिळवलं त्याची यादी आहे, उरलेल्यांपैकी एखाद्याचं नाव सांगणारा पोपट आहे, आणि पुढे जायला बहुतेक ठिकाणी कुठलेही चंद्र चालतात. निळ्या नाण्यांवरच्या शिव्या कोणीतरी नीट ऐकून घेतलेल्या दिसतात. २०२१ च्या बाउझर्स फ्युरी या मारियो गेममध्ये तर भागच ठेवले नाहीत, एकच मोठं तळं, त्यात बेटं, इकडून तिकडे सरळ पोहत जा. चिखल आणि शाईन मात्र तिथेही आहेत.

आता खेळायचा विचार असेल तर दोनतीन गोष्टी. २०२० च्या सप्टेंबरमध्ये हा गेम निन्टेन्डोच्या स्विच कन्सोलवर सुपर मारियो थ्रीडी ऑल-स्टार्स या संचात परत आला, तो संच निन्टेन्डोनं २०२१ च्या मार्चअखेरपर्यंतच विकला. मूळ गेमक्यूबच्या कंट्रोलरचं आर बटण अर्धं दाबलं तर मारियो पळता पळता पाणी मारायचा आणि पूर्ण दाबलं की एका जागी उभं राहून नेम धरायचा, धार किती जोरात हे बोटाच्या दाबावर. स्विचच्या स्वतःच्या कंट्रोलरवर तसं दाब ओळखणारं बटण नाही, म्हणून तिथे त्याची दोन बटणं केली. चालतं, पण बोटात पाणी असल्यासारखं जे वाटायचं ते गेलं.

निळ्या नाण्यांच्या नादी लागू नका, वाटेत दिसली तर घ्या. सातही जागांचे सात भाग, दिसतील तेवढ्या गुप्त लेव्हल, आणि सिरेना बीचचं हॉटेल खोली न खोली बघायचं, माळ्यावरून छतातून खाली उतरत. लिलीच्या पानाकडे जायची हौस असेलच तर आधी प्लाझात फिरून जीव भरपूर जमवा, मग योशीला घेऊन बोटीत बसा.